प्रवेश-परीक्षेतील इंग्रजी शब्द आणि मराठीतील धातुज्ञान

बारावीनंतरच्या पंचवार्षिक विधि-अभ्यासक्रमासाठी महाराष्ट्रात होणाऱ्या सामायिक प्रवेश-परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो. हिवरे बाजारसारख्या गावी मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी त्यासाठी कठीण शब्दांच्या याद्या पाठ करू लागतो. परंतु असे सुटे शब्द लवकर विस्मरणात जातात. वस्तुतः त्याच्या मातृभाषेतच एक उपयुक्त साधन आहे.

संस्कृत ‘स्था’ व लॅटिन ‘स्तारे’ यांचे मूळ एकच. ‘परि’ म्हणजे सभोवार. ‘सर्कम्’चा अर्थही तोच. म्हणून ‘परिस्थिती’ व ‘सर्कमस्टन्स’ यांची घडण समांतर आहे. ‘स्टेशन’, ‘स्टेटस’, ‘कॉन्स्टंट’ हे शब्दही याच कुळातील होत.

तथापि व्युत्पत्तीवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे ठरते. ‘सम्’ आणि ‘कॉन्’ हे दोन्ही उपसर्ग एकत्रपणा दर्शवितात. तरी ‘संस्था’ म्हणजे ‘कॉन्स्टिट्यूशन’ नव्हे, ‘इन्स्टिट्यूशन’ होय. धातू शब्दाचे कूळ सांगतो. प्रचलित अर्थ मात्र प्रयोगच ठरवितो.

यास्तव प्रथम कुळानुसार शब्द जुळवावेत व नंतर प्रत्येकाचा वाक्यातील उपयोग पाहावा. ज्याच्या घरी इंग्रजी कानी पडत नाही, त्या विद्यार्थ्यास या क्रमाने आपल्या मराठीचेच भांडवल परीक्षेत वापरता येते.