सावजी, संत्रं आणि सणाचा पेला : वऱ्हाडी चवीबद्दलचे गैरसमज

दिवाळी आटोपली की वऱ्हाडात रोडग्यांच्या पार्ट्या, लग्नसराई आणि थर्टी फर्स्ट यांची रांग लागते. अमरावती-अकोल्याच्या स्वयंपाकघरात एकीकडे मोबाइलवर शेफचा व्हिडिओ सुरू असतो आणि शेजारी उभ्या आजी किंवा सासूबाई ‘एवढं नको, हात आखडता घे’ म्हणत असतात. दोघांकडूनही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मात्र दोघांकडूनही काही समजुती न तपासताच पुढे जातात. सणाला ताटात आणि पेल्यात जे लागतं, ते वऱ्हाडाच्या शेतात, रानात आणि माजघरात आधीपासून आहे. ते दिसू नये असे काही गैरसमज मधे उभे आहेत, ते एकेक करून बाजूला करू.

गैरसमज १ : वऱ्हाडी जेवण म्हणजे सावजी, आणि सावजी म्हणजे नुसता जाळ

वस्तुस्थिती : सावजी रस्सा नागपूरचा. तिथल्या हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून तो खानावळींत आला. मिरी, लवंग, दगडफूल, खसखस असा भाजून वाटलेला मसाला आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल ही त्याची ओळख. त्याला ‘नुसता जाळ’ म्हणणं हा त्या मसाल्यावरही अन्याय आहे. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम. नागपूर शेजारी, पण चूल वेगळी.

नागपूरचे शेफ विष्णू मनोहर यांच्यासारख्यांमुळे विदर्भातलं जेवण टीव्हीवरून घराघरांत पोचलं, हे मोठं काम झालं. पण ‘वैदर्भीय’ या एका पाटीखाली नागपूर आणि वऱ्हाड एकच समजले जाऊ लागले. वऱ्हाडचं रोजचं ताट पाहायचं असेल तर शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकट दिनाचा घरचा नैवेद्य पाहावा. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला प्रकट झाले, असं भाविक मानतात. त्या तिथीला घरोघरी ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा झुणका, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची असा नैवेद्य असतो. तिखट असतं, पण ठेचा किंवा भुरका म्हणून ताटाच्या कडेला. ज्याला जेवढं सोसेल तेवढं त्यानं घ्यावं, अशी ही रीत आहे.

गैरसमज २ : रोडगे म्हणजे राजस्थानी बाटीची नक्कल

वस्तुस्थिती : सोळाव्या शतकातल्या संत एकनाथांच्या भारुडात देवीला रोडग्याचा नवस आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. म्हणजे हा पदार्थ मराठी मुलखात शतकानुशतकं मुरलेला आहे.

घडणही वेगळी. वऱ्हाडी रोडग्याला जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, मीठ आणि ओवा लागतो. लहान लहान पाऱ्या तेलाचा हात लावून एकावर एक ठेवायच्या आणि त्या सगळ्या एका मोठ्या पारीत बंद करायच्या. गोवऱ्यांचा जाळ बसून लाल निखारा झाला की गोळे त्यावर फिरवत शेकायचे आणि मग गरम राखेत पुरून ठेवायचे. बाहेर काढून फडक्यानं राख झटकली आणि रोडगा दाबून फोडला की आतले पदर सुटे होतात, वाफ निघते. त्यावर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. घाईनं मोठ्या जाळावर शेकला तर वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. ओव्हनमध्ये रोडगा होतो, पण गोवरीच्या राखेची चव त्यात येत नाही.

गैरसमज ३ : सणाचा पेला म्हणजे दारूचा, आपल्याकडे सणाची पेयं नाहीतच

वस्तुस्थिती : वऱ्हाडाचं वर्ष पेयांनीच मोजता येतं. चैत्रगौरीला कैरीचं पन्हं. अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, चिंचगुळाची चिंचवणी आणि सोबत कुरडया. महालक्ष्म्यांच्या जेवणात ज्वारीची आंबील. कोजागिरीला आटीव मसाला दूध. त्याच रात्री भुलाबाईची गाणी संपतात आणि मुली खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. होळीच्या सुमारास थंडाई, जी बदाम, खसखस, बडीशेप, मगज, मिरी आणि वेलचीनं पूर्ण होते. भांग हा तिचा आवश्यक घटक नाही.

कॉकटेल बनवणारे ज्याला समतोल म्हणतात तो इथे आयता आहे. पन्ह्यात आंबट कैरी, गोड गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची-केशराचा वास असतो. चार चवी एका पेल्यात बसवण्याची ही कला आपल्या बायकांनी कधीचीच साधली आहे.

याच भूमीत गाडगेबाबांनी आणि मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी व्यसनाविरुद्ध उभं आयुष्य वेचलं. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव इथे देह ठेवला. बाबांची पुण्यतिथी पाळून अकरा दिवसांनी तरुण पोरं बाटलीशिवाय पार्टी होत नाही म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं.

गैरसमज ४ : आंबवलेलं म्हणजे नशेचं

वस्तुस्थिती : आंबणं दोन तऱ्हेचं असतं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, त्यातून वाईन आणि दारू होते. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साखरेचं आम्ल करतात, त्यातून दही, ताक आणि आंबील होते. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवलं की सकाळी येणारा आंबूस वास याच आम्लाचा. आंबील देवीला चालते, लेकरांना चालते, म्हाताऱ्यांनाही चालते.

उलट टोकाचा दावाही तपासावा. ‘आंबिलीतून पोटाला जिवंत जिवाणू मिळतात’ असं आता सांगितलं जातं. पण भिजवलेलं पीठ आपण खळखळ उकळतो, त्यात ते जिवाणू मरतात. उरतो तो आंबटपणा, ज्वारीचा सकसपणा आणि पोटाला हलकेपणा. तेवढं पुरेसं आहे.

गैरसमज ५ : संत्रं फक्त नागपूरचं, आणि रस कडवट झाला म्हणजे फळ खराब

वस्तुस्थिती : ‘नागपुरी संत्रं’ हे वाणाचं आणि बाजाराचं नाव. त्याचा मोठा पट्टा अमरावती जिल्ह्यात आहे : वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर. आंबिया बहाराचं फळ साधारण दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत येतं आणि मृग बहाराचं फेब्रुवारीपासून पुढे. म्हणजे नाताळाला आणि होळीला, दोन्ही वेळा संत्रं दारातच असतं.

सकाळी काढलेला रस दुपारी कडू लागतो, यात बागायतदाराचा दोष नाही. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या सालीत असलेला एक घटक रसातल्या आम्लाच्या संपर्कात येऊन हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि लिमोनिन कडू असतं. हा कडवटपणा उशिरा येतो, म्हणून लक्षात येत नाही. उपाय सोपा : मिक्सरमध्ये बिया भरडू नका, फोडी हातानं किंवा लाकडी पिळणीनं हलक्या पिळा, गाळा आणि लगेच वाढा. त्यात आल्याचा रस, मिरपूड, चिमूटभर काळं मीठ आणि थोडा गूळ घातला की पाहुण्यांसाठी याहून चांगलं पेय शोधावं लागत नाही.

गैरसमज ६ : अंबाडी म्हणजे गरिबाची भाजी, सणाला काय कामाची?

वस्तुस्थिती : कपाशी-तुरीच्या धुऱ्यावर वाढणाऱ्या लाल अंबाडीला हिवाळ्यात गर्द लाल बोंडं येतात. हीच वनस्पती जमैकात नाताळचं मानाचं पेय देते. तिथे तिला ‘सॉरेल’ म्हणतात. बोंडांची लाल दलं आल्यासोबत उकळून रात्रभर मुरवतात, गोड करतात आणि मोठी माणसं हवी तर त्यात रम घालतात. मेक्सिको, इजिप्त आणि सेनेगलमध्येही तिचं लाल पेय घरोघरी प्यायलं जातं. जगभर थंडगार पेल्यात मिरवणारी ही वस्तू आपल्या धुऱ्यावर वाळून जाते, याची खंत वाटायला हवी.

करून पाहा. बोंडांतली बी काढून एक वाटी ताजी लाल दलं घ्या. चार वाट्या पाण्यात ठेचलेलं आलं आणि दोन लवंगांसह एक उकळी आणा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी गाळून गूळ किंवा साखर घाला. भांडं स्टीलचं घ्या. तांब्या-ॲल्युमिनियमच्या भांड्याला ही आंबट दलं लागतात आणि रसाला धातूची चव येते. रंग माणकासारखा येतो, वरून काही घालावं लागत नाही.

गैरसमज ७ : मोह म्हणजे दारूच, आणि घरी केलेली दारू-वाईन ‘शुद्ध’ असते

वस्तुस्थिती : मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या रानात, मार्च-एप्रिलमध्ये कोरकू कुटुंबं पहाटे मोहाची फुलं वेचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ही फुलं भाजून, शिजवून, पिठात मळून खाल्ली जातात. त्यांचे लाडूही होतात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले, ते फुलाला अन्न आणि रोजगार म्हणून जागा मिळावी यासाठीच.

दारू गाळणं हा मात्र परवान्याशिवाय गुन्हा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याला ‘घरची द्राक्षाची वाईन’ही अपवाद नाही. आणि ओळखीच्या माणसानं आणून दिलेली दारू शुद्ध असते, हा भ्रम जिवावर बेततो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथे विषारी दारूनं शंभराहून अधिक जीव घेतले. त्यात मिथेनॉल होतं. ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही.

गैरसमज ८ : थंडीत दारू ऊब देते, आणि केकमधली रम भाजताना उडून जाते

वस्तुस्थिती : दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं. पण त्याच वाटेनं शरीराची आतली उष्णता बाहेर जाते. चिखलदऱ्याच्या थंडीत रात्री उघड्यावर बसून पिणाऱ्याचं शरीर आतून थंडच पडत असतं. ऊब हवी असेल तर आल्याचा चहा आणि शेकोटी बरी.

शिजवतानाही सगळी दारू उडत नाही. पदार्थात मिसळून १५ मिनिटं उकळली तर सुमारे ४० टक्के उरते, तासाभरानं २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. वरून ओतून पेटवली तर ७५ टक्क्यांच्या आसपास तशीच राहते. म्हणून लहान मुलांना, गर्भवतीला, औषधं चालू असलेल्याला किंवा दारू वर्ज्य असलेल्या पाहुण्याला असा केक देण्यापूर्वी स्पष्ट सांगा. सुका मेवा संत्र्याच्या रसात भिजवला तरी केक उत्तम होतो.

गैरसमज ९ : चांदण्यात ठेवलेलं दूध औषध होतं, आणि पन्ह्यानं ऊन लागत नाही

वस्तुस्थिती : चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाशच, आणि तोही सूर्याच्या सुमारे चार लाखांश भागाइतका. त्यानं दुधात बदल होत नाही. मात्र आटवलेलं दूध तासन्‌तास कोमट राहिलं तर नासतं. नैवेद्य दाखवा, चंद्र पाहा, आणि दूध दोन तासांच्या आत संपवा.

पन्ह्यातून पाणी, साखर आणि मीठ मिळतं, म्हणून अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्याचा आधार वाटतो. पण उष्माघात झालेला माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

गैरसमज १० : आजीच्या हाताला माप नसतं

वस्तुस्थिती : माप असतं, फक्त ते लिहिलेलं नसतं. तिची वाटी ठरलेली, पळी ठरलेली, गुळाचा खडा केवढा हे हाताला ठाऊक. चिंचवणीसाठी अर्धी वाटी चिंच, दीड वाटी गूळ आणि सहा वाट्या पाणी या मापानं सुरुवात करा. चिंच जुनी असेल तर गूळ थोडा वाढवावा लागेल. शेफची कृती ग्रॅममध्ये असते म्हणून ती खरी आणि आजीची अंदाजाची म्हणून ती कच्ची, असं नाही. दोन्ही मापंच आहेत.

म्हणून या हंगामात एवढं करा. घरातली जाणती बाई सरगुंडे, रोडगे, आंबील किंवा चिंचवणी करत असताना तिच्या शेजारी उभे राहा. तिनं पीठ, गूळ, पाणी हातात घेतलं की ते भांड्यात पडण्यापूर्वी तोलून वहीत लिहा, आणि पाककृतीवर तिचं नाव घाला. वऱ्हाडी चव पुढच्या पिढीकडे पोचायची असेल तर ती अशी घरोघरी लिहूनच ठेवावी लागेल.