ब्राउझर बिचारा काय करणार?

वेबमेल रखडलं की आपण आधी इंटरनेटला शिव्या घालतो, मग ब्राउझरला. पण राउंडक्यूबसारखं वेबमेल म्हणजे नुसता वेटर. स्वयंपाक आत, मेल सर्व्हरवर. दोघांचं बोलणं चालतं ते आयमॅपमधून, 1986 साली मार्क क्रिस्पिन यांनी आखलेल्या पद्धतीने.

पडद्यावर दिसतात पन्नासेक ओळी. त्या तारखेनुसार लावायच्या तर सर्व्हरला मात्र फोल्डरमधल्या सगळ्या मेलच्या तारखा ठाऊक हव्यात. मेल साठवण्याच्या जुन्या एमबॉक्स पद्धतीत अख्खा फोल्डर एकाच फाइलमध्ये असतो. त्यातला मधलाच एक मेल काढून टाकायचा तर पुढचा सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागतो! मेलडिरमध्ये दर मेलची फाइल वेगळी. डव्हकॉटसारखा सर्व्हर विषय, तारीख वगैरे इंडेक्समध्ये टिपून ठेवतो, म्हणून यादी चटकन उघडते. मजकुरातला शब्द शोधताना ही टिपणं उपयोगाची नाहीत. शब्दांची स्वतंत्र सूची नसेल तर एकेक मेल उघडून वाचण्यावाचून सर्व्हरला गत्यंतर नाही. त्यात राउंडक्यूब पीएचपीतलं, त्यामुळे बहुतेक दर क्लिकला त्याचं मेल सर्व्हरवर नव्याने लॉगिन.

तेव्हा नवा लॅपटॉप मागण्याआधी ऑफिसच्या सिस्टिम अ‍ॅडमिनला विचारा: सर्व्हरवर शोधासाठी इंडेक्स बसवलाय का?