बोट डोलली कशी, प्रेम जमलं कसं?

एक माणूस बोटीच्या कठड्यावरून खाली वाकलाय. पाठ आपल्याकडे. खांदे गदागदा हलताहेत, पाय झाडतोय. आजूबाजूचे प्रवासी बोट लागून गलितगात्र झालेत, तेव्हा याचंही तेच चाललं असणार. बिचारा! आणि मग तो वळतो. हातात गळाची दोरी, दोरीला तडफडणारा मासा आणि चेहऱ्यावर विजयी हसू.

1917 साली आलेल्या ‘द इमिग्रंट’ या मूकपटातला हा चार्ली चॅप्लिन. वय अवघं 28. गंमत बघा, त्यानं आपल्याला काहीही खोटं सांगितलेलं नाही. फक्त चेहरा लपवला. पुढची गोष्ट आपणच रचली आणि आपणच फसलो!

बोटीवरच्या फजित्या आणि प्रेमकहाण्या यांचं सिनेमाला कायमचं वेड आहे. अमेरिकेत ‘द लव्ह बोट’ ही क्रूझवरची मालिका 1977 ते 1986 अशी वर्षानुवर्षं चालली. असं काय असतं बोटीत? अनोळखी माणसं एकाच छताखाली कोंबलेली, कुणाला रुसून घरी जायची सोय नाही आणि पायाखालची जमीन स्थिर नाही. धक्का लागायला आणि मन जडायला आणखी काय हवं?

पण आता खरा प्रश्न. ‘द इमिग्रंट’मधली बोट अशी काही डोलते, की माणसं या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळतात. एवढ्या लाटांत चित्रीकरण केलं तरी कसं? त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी तिवईवर ठेवलेली जड पेटी. वादळात तो धरणार कोण आणि त्याचं हँडल फिरवणार कोण?

उत्तर ऐकून थक्क व्हायला होतं. लाटांची गरजच नव्हती! डेकवरच्या प्रसंगांसाठी कॅमेराच फिरत्या खुंटीवर बसवला आणि त्याला खाली वजनदार लंबक जोडला. कॅमेरा एका बाजूला कलला, की पडद्यावर अख्खं डेक दुसऱ्या बाजूला कलतं. का? कारण थिएटरात बसलेल्या आपल्याकडे वर-खाली ठरवायला पडद्याच्या चौकटीखेरीज दुसरं काहीच नसतं. चौकट सरळ आहे असं आपण धरून चालतो, म्हणून वाकडी ठरते ती बोट. त्यात नटमंडळी तालात झुकली, घसरली, लोळली, की झाला समुद्र खवळलेला.

याच्या मुळाशी आपलं शरीर आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं, की तो द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि मेंदूला खबर जाते: वळलो! खऱ्या बोटीच्या केबिनमध्ये कान सांगतो, ‘आपण हलतोय’. डोळ्यांना मात्र भिंत, पलंग, टेबल सगळं जागच्या जागी दिसतं. या दोन साक्षीदारांचं पटेनासं झालं, की पोट ढवळून येतं. सिनेमात याच्या नेमकं उलट घडतं. कान म्हणतो सगळं स्थिर आहे, डोळा म्हणतो जग कलतंय. काही क्षण आपण डोळ्याचं ऐकतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या तोल सावरायला लागतो!

जेवणाच्या खोलीसाठी चॅप्लिननं याहून धमाल युक्ती केली. तिथे कॅमेरा नव्हे, अख्खी खोलीच हलवली. सेट उभा केला तो डोलखुर्चीला असतात तशा वक्र पायांवर. मग सूपची थाळी टेबलावरून घसरत चार्लीसमोर येते. तो घाईघाईनं एक चमचा मारतो. बोट कलते, थाळी समोरच्या प्रवाशाकडे जाते. तो एक चमचा मारतो. थाळी परत! दोन भुकेले, एक थाळी आणि वाटणी करणारा समुद्र. एवढ्यात दारात नायिका एडना पर्व्हिअन्स दिसते आणि ज्या जागेसाठी एवढी धडपड केली, ती जागा चार्ली तिला देऊन टाकतो. भाषणाची गरजच काय? भुकेल्या माणसानं ताटावरून उठणं, हाच प्रेमाचा पुरावा.

आता सगळ्यात मोठं आश्चर्य. चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा त्यात बोट नव्हतीच!

त्या काळी चॅप्लिन पटकथा लिहीत नसे. कॅमेरा चालू ठेवून तो विचार करायचा. 1983 साली केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी ‘अननोन चॅप्लिन’ या माहितीपटासाठी त्याच्या टाकून दिलेल्या फिल्मचे तुकडे पाट्यांवरच्या क्रमांकांनुसार लावले आणि त्याची विचार करायची रीत जगासमोर आली. आधी चित्रित झाली ती उत्तरार्धातली उपाहारगृहाची गंमत: कफल्लक चार्ली, समोर बीन्सची थाळी, डोक्यावर आडदांड वेटर. नंतर चॅप्लिनला प्रश्न पडला, हा माणूस कफल्लक का? उत्तर सुचलं: नुकताच युरोपातून बोटीनं आला असणार! तिथून बोट जन्माला आली.

आणि बोट येताच उपाहारगृहातली भेट ही ताटातूट झालेल्यांची पुनर्भेट बनली. चार्ली आनंदानं बोलत असतो, इतक्यात एडनाच्या हातातला काळ्या काठाचा रुमाल त्याला दिसतो. त्या काळी तसा रुमाल म्हणजे सुतक. बोटीवर तिच्यासोबत असलेली आजारी आई गेली, हे त्याला कळतं, आपल्यालाही कळतं. एका रुमालात सगळी बातमी!

या सगळ्यासाठी सुमारे 90,000 फूट फिल्म खर्ची पडली आणि त्यातून दोन रिळांचा, अर्ध्या तासाच्या आत संपणारा चित्रपट निघाला. ज्याला आपण सहज विनोद म्हणतो, तो इतका घासूनपुसून मिळवलेला असतो.

‘द इमिग्रंट’ आज कुणालाही फुकट पाहता येतो. एकदा मनसोक्त हसण्यासाठी पाहा. मग लगेच दुसऱ्यांदा लावा आणि या वेळी माणसं सोडून फक्त बोट कशी कलते, तेवढंच बघा. युक्ती माहीत असूनही तुमचा तोल जाईल, याची खात्री बाळगा.