शहराच्या नावे ठेवलेला पैसा

सेंट लुइस शहराचे महापौर राहिलेले ब्रायन मलान्फी यांनी 1849 मध्ये मृत्युपत्र केले. अमेरिकेतले हे शहर तेव्हा पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्यांचा मुख्य मुक्काम होते. गाडीत संसार घालून कुटुंबेच्या कुटुंबे येत. कुणी आजारी पडे, कुणाचे पैसे वाटेतच संपत. मलान्फींनी हे हाल पाहिले होते. आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्यांनी पश्चिमेत स्थायिक होण्यासाठी सेंट लुइसमार्गे जाणाऱ्या गरीब प्रवाशांच्या मदतीसाठी ठेवला. 1851 मध्ये ते वारले. पुढे रेल्वे आली, पश्चिम वसली आणि गाड्यांचे तांडे थांबले. निधी मात्र वाढत राहिला. शहरात गरिबांची कमतरता नव्हती, पण त्यांच्यातले पश्चिमेला निघालेले कितीसे असणार?

बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासारख्या चतुर माणसाचीही अशीच गत झाली. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना त्यांनी मृत्युपत्राने हजार-हजार पौंड दिले. उमेदवारी पूर्ण केलेल्या, लग्न झालेल्या तरुण कारागिरांना धंदा उभारण्यासाठी त्यातून कर्ज द्यायचे आणि हा क्रम दोनशे वर्षे चालवायचा, अशी योजना होती. फ्रँकलिन 1790 मध्ये गेले. काही दशकांत कारखाने आले, उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबण्याची पद्धत मोडली आणि अटीत बसणारे कर्जदार मिळेनासे झाले.

अशा दानपत्रांना इंग्रजी कायद्याच्या परंपरेत ‘मृत हात’ म्हणत. दाता जातो, पण पैशावरची त्याची मूठ सुटत नाही. या दुखण्यावर क्लीव्हलँड शहरातल्या एका बँकेच्या अध्यक्षाने 1914 मध्ये इलाज काढला. त्यातून जन्मलेल्या संस्थेला आज कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. एका गावाचा, शहराचा किंवा जिल्ह्याचा सामाईक निधी, आणि त्यातून तिथल्याच निवडक संस्थांना व कामांना मदत, असे तिचे स्वरूप. अमेरिकेत अशा संस्था नऊशेच्या आसपास आहेत, जगभरात अठराशेहून अधिक.

बँकेच्या कपाटातली मृत्युपत्रे

फ्रेडरिक गॉफ हे मुळात वकील. जॉन रॉकफेलर यांचीही कामे त्यांनी पाहिली होती. 1908 मध्ये ते क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष झाले. एरी सरोवराच्या काठी वसलेले क्लीव्हलँड तेव्हा पोलाद आणि तेलाच्या धंद्यावर फुगत होते. 1910 च्या जनगणनेत ते अमेरिकेतले सहाव्या क्रमांकाचे शहर होते. पैसा होता आणि तो धर्मादाय कामाला ठेवण्याची इच्छा असलेले लोकही होते. अशी मृत्युपत्रे सांभाळणे हा ट्रस्ट कंपनीचा रोजचा धंदा. त्यामुळे चांगल्या हेतूने ठेवलेला पैसा तीस-चाळीस वर्षांत कसा अडकून पडतो, हे गॉफ यांना कागदोपत्री दिसत होते. हेतू बदलायचा तर न्यायालयात जावे लागे. वेळ जाई, पैसा वकिलांच्या फीत जाई.

2 जानेवारी 1914 रोजी बँकेच्या संचालक मंडळाने ठराव केला आणि क्लीव्हलँड फाउंडेशन स्थापन झाले. योजना साधी होती. अनेक दात्यांचे पैसे एकत्र ठेवायचे. मुद्दल बँक गुंतवील आणि सांभाळील; मिळणारे उत्पन्न कुणाला द्यायचे ते मात्र बँक ठरवणार नाही. ते काम पाच जणांच्या वाटप समितीचे. दोन सदस्य बँकेने नेमायचे, एक महापौरांनी, एक मृत्युपत्रांचे कामकाज पाहणाऱ्या न्यायाधीशांनी आणि एक संघीय जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीशांनी. म्हणजे बहुमत सार्वजनिक पदांवरच्या माणसांनी नेमलेल्यांचे. दात्याने एखादा हेतू लिहून ठेवला असेल तर तो पाळायचा. पण काळाच्या ओघात तो निरर्थक किंवा अशक्य झाला, तर समितीने तो पैसा शहराच्या दुसऱ्या गरजेकडे वळवायचा. हा अधिकार मूळ ठरावातच होता. दाता पैसे देतानाच तो मान्य करत असे.

गॉफ यांचे मोठेपण मला इथे दिसते. पैसेवाल्या माणसाला दान करायला लावणे अवघड नाही. पन्नास वर्षांनंतरच्या लोकांना आपल्यापेक्षा अधिक कळेल हे त्याच्याकडून आधीच लिहून घेणे अवघड. गॉफ यांनी ते घडवून आणले आणि मग गावोगावच्या बँकांना तसे करायला सांगत फिरले. 1915 च्या एका वर्षात शिकागो, बॉस्टन, मिनीॲपोलिस आणि लॉस एंजेलिसमध्ये असे निधी उभे राहिले.

कॅनडातला पहिला निधी 1921 मध्ये विनिपेगला सुरू झाला. विल्यम ॲलोवे या बँकरने एक लाख डॉलर दिले. दुसरी देणगी आली 1924 मध्ये: एका पाकिटात पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी. देणारीने नाव कळवले नव्हते. विनिपेगचा निधी आजही या दोन देणग्यांची आठवण एकत्रच सांगतो, आणि ते योग्यच आहे. एकट्या पंधरा डॉलरचा ट्रस्ट कुणी काढू शकत नाही. सामाईक निधीत मात्र ते पंधरा डॉलरही कायमची ठेव होतात आणि लाखाच्या शेजारी बसून कमावतात.

आधी शहर समजून घ्या

क्लीव्हलँडच्या निधीपुढे पहिलीच अडचण मोठी होती. देणग्या मृत्युपत्रांत लिहिलेल्या होत्या आणि दाते हयात होते. पहिली पाच वर्षे वाटायला पैसाच नव्हता. वाटप सुरू झाले 1919 मध्ये. मधला काळ गॉफ यांनी शहराच्या पाहणीत घातला. लेनर्ड आयर्स यांच्या नेतृत्वाखाली शाळांची पाहणी झाली आणि तिचे अहवाल 25 छोट्या पुस्तकांत निघाले. त्यांवर शहरात जाहीर चर्चा झाल्या. पालक, शिक्षक, व्यापारी सगळ्यांना समजेल अशा भाषेत शाळांचा हिशेब प्रथमच मांडला गेला.

1920 मध्ये शहराच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एका खुनाच्या प्रकरणात सापडले. पुढे खोट्या साक्षीबद्दल त्यांना तुरुंगात जावे लागले. लोकांचा न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडाला. तेव्हा निधीने रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या दोन नामवंत कायदेपंडितांना बोलावून पोलीस, सरकारी वकील, न्यायालये, तुरुंग अशा साऱ्या साखळीची तपासणी करून घेतली. 1922 मध्ये अहवाल आला. त्यातला एक भाग वर्तमानपत्रांवर होता. जानेवारी 1919 च्या पहिल्या पंधरवड्यात गुन्ह्यांच्या बातम्यांनी 925 इंच जागा व्यापली होती, दुसऱ्या पंधरवड्यात 6,642 इंच. वाचणाऱ्याला वाटावे, शहरात गुन्ह्यांचा महापूर आला. नोंदलेले गुन्हे मात्र 345 वरून 363 वर गेले होते, एवढेच.

अशा तपासण्यांतून धान्य वाटले जात नाही की इमारत उभी राहत नाही. तरीही धर्मादाय पैशाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. कुठल्या संस्थेला द्यायचे हे ठरवण्याआधी दुखणे नेमके कुठे आहे ते शोधण्याची शिस्त या पहिल्या पाच वर्षांच्या रिकाम्या तिजोरीने लावली.

निवड होते कशी

आजच्या कम्युनिटी फाउंडेशनमध्ये एकाच छताखाली अनेक खाती असतात. काही दाते कोणतीही अट न घालता पैसे देतात. त्याचे काय करायचे ते पूर्णपणे समितीकडे. काही क्षेत्र सांगतात: शिक्षण, वृद्धांची काळजी, नदी, नाटक. काही एखाद्या ठरावीक संस्थेचेच नाव लिहितात. दर वर्षीचे उत्पन्न तिला जाते आणि ती संस्था बंद पडली तर तिच्यासारखेच काम करणारी दुसरी शोधली जाते. चौथा प्रकार दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या खात्यांचा. तो न्यू यॉर्कच्या निधीत 1931 मध्ये सुरू झाला.

संस्था अर्ज करते. निधीचे अधिकारी तिचे ताळेबंद आणि लेखापरीक्षण तपासतात, काम पाहायला जातात, लाभार्थ्यांशी आणि त्याच भागातल्या इतर संस्थांशी बोलतात. मग शिफारस समितीपुढे येते. मोठ्या रकमा बहुधा हप्त्यांनी दिल्या जातात आणि पुढचा हप्ता कामाच्या अहवालावर अवलंबून असतो. निधी त्याच गावात असल्यामुळे ही तपासणी कागदावर राहत नाही. पाळणाघर खरोखर चालते की नाही, हे तिथून जाता-येताही दिसते.

क्लीव्हलँडचा पुढचा इतिहास पाहिला की या लवचिकतेचे मोल कळते. 1950 मध्ये शहरात 9 लाख 14 हजार लोक राहत होते. 2020 मध्ये 3 लाख 72 हजार उरले. कारखाने गेले, पैसेवाले उपनगरांत गेले. 1966 मध्ये हफ या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दंगल पेटली. 1914 च्या दात्यांनी फुगत्या, कमावत्या शहरासाठी अटी घालून ठेवल्या असत्या, तर या ओसरत्या शहराला त्यांचा काय उपयोग झाला असता? निधी मात्र शहराबरोबर बदलला. पाडायला निघालेली जुनी नाट्यगृहे वाचवण्याच्या चळवळीला त्याने बळ दिले. 2008 पासून त्याने एव्हरग्रीन या कामगारांच्या सहकारी संस्थांना हात दिला. कल्पना अशी: शहरातली मोठी रुग्णालये आणि विद्यापीठ दर वर्षी प्रचंड खरेदी करतात, त्यातली काही कामे शेजारच्या गरीब वस्तीतल्या लोकांच्या मालकीच्या उद्योगांना का मिळू नयेत? पहिला उद्योग कपडे धुण्याचा होता. तिथे काम करणारेच त्याचे भागधारक झाले. 2023 मध्ये फाउंडेशनने आपले मुख्य कार्यालयही शहराच्या मध्यभागातून हलवून हफच्या वेशीवर आणले.

मूठ किती सैल असावी

दात्याचा शब्द सहज फिरवता आला, तर दान कोण करील, असाही प्रश्न आहे. तो सॅन फ्रान्सिस्कोत कसाला लागला. बेरिल बक या विधवा बाई 1975 मध्ये वारल्या. त्यांनी आपली मालमत्ता मरीन काउंटी या आपल्या जिल्ह्यातल्या गरजू लोकांसाठी आणि इतर धर्मादाय कामांसाठी ठेवली. ती सांभाळायची होती सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनने. मालमत्तेत एका तेल कंपनीचे शेअर होते. 1979 मध्ये शेल कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि काही दशलक्ष डॉलरची ठेव पाव अब्ज डॉलरच्या पुढे गेली. मरीन हा अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत जिल्ह्यांपैकी एक. शेजारी ओकलंडसारख्या शहरात दारिद्र्य होते. 1984 मध्ये फाउंडेशनने न्यायालयाकडे हा पैसा इतर जिल्ह्यांतही वापरण्याची परवानगी मागितली. मरीनमध्ये संतापाची लाट उसळली. 1986 मध्ये फाउंडेशनला माघार घ्यावी लागली, आणि तो पैसा मरीनसाठी नव्या संस्थेकडे सोपवला गेला.

गरजेच्या तराजूत पाहिले तर ओकलंडची बाजू जड होती. तरीही तो निर्णय मला पटतो. बक बाईंचा हेतू अशक्य झाला नव्हता. मरीनमध्येही गरजू होते. हेतू निरर्थक होणे वेगळे आणि दुसरा हेतू अधिक चांगला वाटणे वेगळे. समितीला पहिल्यासाठी अधिकार हवा, दुसऱ्यासाठी नको. ही रेघ पुसली, तर दात्याचा विश्वास जाईल आणि विश्वासाशिवाय सामाईक निधीला अर्थच उरणार नाही.

दुसरा धोका उलट्या बाजूने येतो. दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या खात्यात करसवलत पैसे ठेवताच मिळते, पण ते वाटण्याची किमान मुदत अमेरिकी कायद्याने घातलेली नाही. पैसा वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. तिथे शहर बाजूला पडते आणि निधी श्रीमंतांचे धर्मादाय बचत खाते होऊन बसतो. गॉफ यांच्या समितीचे कारण नेमके हेच होते: देणारा आणि ठरवणारा एक असू नये.

आपल्याकडे

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोया, विशिष्ट ज्ञातीतल्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांसाठी ठेवलेल्या निधींची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने त्यांची नोंदणी आणि देखरेख धर्मादाय आयुक्तांकडे आली. मूळ हेतू पार पाडणे शक्य नसेल, तर त्याच्या शक्य तितक्या जवळच्या हेतूसाठी पैसा वापरण्याची वाट त्या कायद्यात आहे. पण ती न्यायालयातून जाते. छोट्या ट्रस्टचे वयोवृद्ध विश्वस्त त्या वाटेला सहसा जात नाहीत. पैसा बँकेत मुदत ठेवीत पडून राहतो आणि दर वर्षी हिशेबपत्रके तेवढी दाखल होतात.

कम्युनिटी फाउंडेशनचा प्रयोग मुंबईत 1991 मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्टच्या रूपाने सुरू झाला. निवडक संस्थांना लोकांच्या देणग्यांचा आधार मिळवून देण्याची पद्धत ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमाने 2011 पासून मराठी घरांत पोहोचवली. गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक त्यांच्या नावाने धनादेश पाठवतात. त्यांत निवृत्तिवेतनातून बाजूला काढलेल्या रकमाही असतात. आपल्या लोकांना द्यायचे असते. कुणाला द्यावे हे विश्वासाने सांगणारे कुणी हवे असते, याचा हा पुरावा आहे.

आता पुढचे पाऊल टाकायला हवे. उत्सवातली देणगी त्या वर्षीची गरज भागवते. जिल्ह्याचा कायम निधी पुढच्या पिढीलाही पुरतो, आणि सोलापूर, चंद्रपूर, सिंधुदुर्ग अशा प्रत्येक जिल्ह्याला तो परवडण्यासारखा आहे. त्याला तीन गोष्टी लागतात: मुद्दलाला हात न लावणारा सांभाळणारा, एकाच घराण्यातून, पक्षातून किंवा ज्ञातीतून न आलेली आणि ठरावीक मुदतीने बदलणारी समिती, आणि दर वर्षी कुणाला किती दिले व कुणाला का नाकारले याचा जाहीर हिशेब. चौथी गोष्ट दात्याच्या हातात आहे. मृत्युपत्र करताना आपल्या आवडीचे काम अवश्य लिहावे, आईवडिलांचे नाव निधीला द्यावे. पण त्याखाली आणखी एक कलम घालावे की हे काम कालबाह्य झाले, तर या जिल्ह्यातल्या लोकांनी तेव्हाची गरज पाहून ठरवावे. आज हे कलम लिहून ठेवले, तर उद्याच्या विश्वस्तांना न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही, आणि आपण कष्टाने जमवलेला पैसा आपल्या जिल्ह्यातल्या माणसांच्या उपयोगी पडत राहील.