मोसंबीचा रस कडू कोण करतं?

बीड जिल्ह्यातल्या केजच्या उन्हातून आलेल्या पाहुण्याला मोसंबीचा ताजा रस द्या, तो खूश. त्याच रसाचा एक पेला झाकून ठेवा आणि संध्याकाळी चाखा. कडू! कुणी काही मिसळलं नाही, रस आंबलाही नाही. मग हा कडवटपणा आला कुठून?

तो बाहेरून आलाच नाही! कडू लागणाऱ्या द्रव्याचं नाव लिमोनिन. अख्ख्या फळात ते जवळपास नसतंच. असतं ते त्याचं पूर्वरूप, आणि त्याला कडू चव नाही. हे पूर्वरूप बिया, पांढरी साल आणि फोडींचे पापुद्रे यांत भरपूर असतं. आंबट आम्ल मात्र पेशीच्या आत वेगळ्या कप्प्यात कोंडलेलं असतं. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं, मध्ये पक्की भिंत! फळ पिळलं की ती भिंत कोसळते. आम्ल आणि पूर्वरूप समोरासमोर येतात, फळातलंच एक विकर मदतीला धावतं, रेणूतलं उघडं राहिलेलं कडं मिटतं आणि लिमोनिन तयार होतं. लिटरभर रसात अवघं ६ मिलिग्रॅमच्या आसपास झालं, तरी जिभेला कळतं!

त्याहून मोठी कमाल फळाची. फळ पिकू लागलं की ते स्वतःच या पूर्वरूपाला साखरेचा रेणू जोडत जातं. असा जोडलेला रेणू बेचव असतो आणि पुढे कडूही होत नाही. म्हणून घाईने तोडलेल्या कच्च्या मोसंबीचा रस जास्त कडवट होतो, पुरत्या पिकलेलीचा कमी. जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड हा मोसंबीचा पट्टा. इथे पिकलेलं फळ निवडून घेणं अवघड नाही.

आता पिळण्याची रीत आपोआप सुचते. फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या, तर कडवटपणाचा कच्चा मालच दळला जातो. त्यापेक्षा फळ आडवं कापा, हलक्या हाताने पिळा, पांढरी साल रगडू नका, लगेच गाळा आणि थंड करा. थंडीने ही क्रिया मंदावते, थांबत नाही.

चव चोरतो तो कडवटपणा; दुसरा चोर म्हणजे हवा. तिच्यातला ऑक्सिजन क जीवनसत्त्व खातो, आणि तांब्याचा स्पर्श झाला की हे काम आणखी झपाट्याने होतं. म्हणून भांडं काचेचं किंवा स्टीलचं, आणि काठोकाठ भरलेलं.

उकळून टिकवला तर? १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग झालेल्या १२ खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळालं, ते सगळ्यांत लवकर सावरले. केवढा मोठा शोध! पण लांबच्या प्रवासासाठी त्यानेच रस तापवून आटवण्याची कृती सुचवली, आणि त्या उष्णतेने गुण बराचसा उडून गेला. हे त्याला कळलं नाही, कारण तेव्हा क जीवनसत्त्व कुणालाच ठाऊक नव्हतं.

लिंबाचा रस मात्र भलताच चिवट. इतक्या आम्लात बहुतेक जिवाणूंना वाढताच येत नाही. तो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तशी एकेक वडी काढा. मोसंबी मात्र सालीतच ठेवा. तहान लागली की पिळा आणि लगेच प्या.