आसामची पत्ती आपल्या पातेल्यात येते कशी? चांगली चहापूड ओळखायची कशी?

सकाळी धार काढून झाली की घराघरात पहिलं आधण चहाचं पडतं. दूध घरचं, साखर कारखान्याची. पण चहापूड येते थेट आसाममधून, दोन-अडीच हजार किलोमीटरवरून. देशात पिकणाऱ्या चहापैकी निम्म्याच्या आसपास चहा एकट्या आसामचा असतो. कडक आणि दाट रंगाचा म्हणून दुधाच्या चहाला तोच चालतो.

चहा आला कुठून?

आसामच्या जंगलात चहाचं झाड आधीपासूनच होतं. तिथले सिंगफो आदिवासी त्याची पानं उकळून पीत. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला त्यांच्याकडून हे झाड कळलं. पुढे १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाच्या ८ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला. मणिराम देवान यांनी आसामी माणसाचे स्वतःचे मळे उभे केले. १८५७ च्या उठावात भाग घेतला म्हणून इंग्रजांनी १८५८ मध्ये त्यांना जोरहाटला फाशी दिली.

पानाची पूड कशी होते?

तोडणी मार्चपासून साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालते. शेंड्याची दोन पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं. मे-जूनमधल्या दुसऱ्या बहराचा माल सगळ्यात चवदार मानतात.

खुडलेली पानं आधी सुकवून मऊ करतात. मग दाते असलेल्या रोलरमधून चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करतात. हाच आपला 'सीटीसी' चहा. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसाममध्येच तयार झालं. चिरलेलं वांगं हवेवर काळं पडतं, तसाच हा हिरवा चुरा हवेवर तांबूस होतो. रंग आणि चव इथेच येते. शेवटी गरम हवेवर वाळवला की चहा तयार. १ किलो चहाला साधारण साडेचार किलो हिरवी पानं लागतात.

पॅकेटवर 'डस्ट' लिहिलेलं दिसलं की काहींना तो झाडून काढलेला कचरा वाटतो. तसं नाही. चाळणीतून निघालेल्या सगळ्यात बारीक दाण्याला डस्ट म्हणतात. तो लवकर उतरतो आणि कडक होतो.

तिथल्या शेतकऱ्याचं दुखणं आपल्यासारखंच

चहा म्हटलं की मोठ्या कंपन्यांचे मळे डोळ्यासमोर येतात. पण आज देशातला निम्म्याच्या आसपास चहा छोटे शेतकरी पिकवतात. त्यांच्याकडे कारखाना नसतो. खुडलेलं पान त्याच दिवशी कारखान्यात गेलं नाही तर खराब होतं. तुटलेला ऊस किंवा काढलेलं दूध घरात ठेवता येत नाही, तसंच हे. त्यामुळे समोरचा देईल तो भाव घ्यावा लागतो. त्यात बनावट, भेसळीचा माल स्वस्तात विकला जातो, तेव्हा खऱ्या पानाचा भाव पडतो आणि आपल्या पोटात रंग जातो. नुकसान दोघांचं.

भेसळ घरीच ओळखा

आठवडी बाजारात सुटी पूड स्वस्त मिळते. काही वेळा त्यात वापरून वाळवलेला चोथा रंग लावून मिसळलेला असतो. तपासणी सोपी आहे. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पूड पसरा आणि थोडं पाणी शिंपडा. लगेच गडद रंग उतरला तर शंका घ्या. मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा. डाग राहिले तर पुडीत रंग आहे. शुद्ध चहाचे असे डाग राहत नाहीत.

पॅकेट घेताना १४ आकडी अन्न परवाना क्रमांक आणि तारीख बघा. भेसळीचा संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

चहा करायचा कसा?

दुधाचा चहा करताना आधी पाण्याला उकळी येऊ द्या. मग पूड टाकून दोन-तीन मिनिटं उकळा, नंतर दूध. तासभर चुलीवर ठेवलेला चहा कडक होत नाही, तुरट होतो. सकाळच्या चोथ्यावर दुपारी पुन्हा पाणी ओतू नका.

लांब पानांचा 'ऑर्थोडॉक्स' चहा मिळाला तर तो उकळायचा नाही. कपाला एक लहान चमचा पानं घ्या, उकळतं पाणी ओता, तीन-चार मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. दूध न घालता प्यायल्यावर आसामची खरी चव कळते.

पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यापासून लांब ठेवा. चहा दुसऱ्याचा वास पटकन ओढतो.

आणि एक महत्त्वाचं. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा. चहामुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. ज्या बायांना, पोरींना रक्त कमी असल्याचं सांगितलंय, त्यांनी तर हे नक्की पाळावं.