बॉनहून होडीने, बेटांपर्यंत

बॉनला समुद्र नाही, पण होडी भाड्याने घेऊन बेटाभोवती दिवस घालवायचा तर ऱ्हाईन नदी आहेच. केनेडी पुलापासून प्रवाहाविरुद्ध बारा-तेरा किलोमीटर गेलं, ३२१ मीटर उंचीचा ड्राखेनफेल्स डाव्या हाताला मागे पडला, की नोनेनवेर्थ आणि ग्राफेनवेर्थ ही बेटं दिसतात. ग्राफेनवेर्थ बाड होनेफशी पुलाने जोडलेलं आहे. नोनेनवेर्थ खाजगी, तिथला मठ बाराव्या शतकातला. १८४१ ते १८४३ या उन्हाळ्यांत संगीतकार फ्रान्झ लिस्ट तिथे राहिला होता.

परवान्याचं आधी पाहावं. जर्मनीत इतरत्र बहुतेक ठिकाणी १५ अश्वशक्तीपर्यंतचं इंजिन विनापरवाना चालतं. ऱ्हाईनवर मर्यादा फक्त ५ अश्वशक्तीची, आणि एवढ्या बळावर प्रवाहाविरुद्ध जाणं जिकिरीचं. म्हणून नावाड्यासकट होडी घेणंच शहाणपणाचं.

मालवाहू जहाजांना वाट द्यावीच लागते. समोरून येणाऱ्या जहाजाच्या उजव्या बाजूला निळी पाटी आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दिसला, तर ते नेहमीच्या उलट बाजूने जाणार, असं समजावं. जहाज गेल्यावर उठणाऱ्या लाटांना होडीचं नाक द्यावं, कूस नव्हे.